रिपोर्टच्या कागदावरची संयुगे

नागपुरातल्या धंतोली भागातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी गेली सव्वीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे. सकाळी सात वाजता दार उघडते तेव्हा उपाशीपोटी आलेली माणसे बाकांवर बसलेली असतात. संध्याकाळी तीच माणसे रिपोर्ट घ्यायला येतात, पाकीट काउंटरवरच उघडतात आणि ठळक छापलेले आकडे आधी शोधतात. मागच्या आठवड्यात कळमेश्वरकडचे एक वयस्क शेतकरी रिपोर्ट हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "मॅडम, मी तं चहात बी साखर घेत नाही, मंग हे रक्तात साखर आली कुठून?" त्यांचा आकडा ९४ होता, म्हणजे जितका असावा तितकाच. पण रक्तात साखर असणे हाच आजार आहे, अशी त्यांची समजूत होती आणि त्या समजुतीने ते खरोखरच घाबरलेले होते.

त्यांना मी शक्य तेवढे समजावले, पण मागे माणसे उभी होती आणि काउंटरवर एवढे बोलायला वेळ नसतो. कोलेस्टेरॉल म्हणजे चरबी, युरिया म्हणजे घाण, सोडियम म्हणजे मीठ आणि मीठ वाईट, अशीच ओळख घेऊन बहुतेक माणसे दवाखान्याची पायरी चढतात. सुशिक्षित घरांतही मला हेच ऐकू येते. ज्या संयुगांवाचून आपण एक दिवससुद्धा जगू शकणार नाही, त्यांची नावे आपल्याला प्रथम कळतात ती रिपोर्टवर आणि तीही भीतीसोबत, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून काउंटरवर सांगायचे राहून गेलेले इथे सविस्तर लिहीत आहे. आकडा वाढला किंवा घटला असेल तर त्यावर उपचार करून घ्यायलाच हवेत आणि तो विषय डॉक्टरांचा आहे. मला लिहायचे आहे ते त्या आकड्यामागच्या पदार्थाविषयी.

साखरेपासूनच सुरुवात करते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी दर शंभर मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असेल, तर सगळ्या रक्तात मिळून ते साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे चहाचा एक चमचा. उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्याहून अधिक आला आणि तो पुन्हा तपासूनही तसाच निघाला, तर मधुमेहाचे निदान होते. त्या १२६ चा हिशेब केला तर रक्तातले सगळे ग्लुकोज सव्वासहा ग्रॅमच्या आसपास जाते. निरोगी माणूस आणि मधुमेही माणूस यांच्यातले अंतर या मापाने दोन ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्या बारीक तराजूवर शरीर हे संयुग रात्रंदिवस तोलून धरते, कारण एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि मेंदूजवळ स्वतःचा म्हणावा असा साठा जवळजवळ नसतो. चहात साखर न घेणाऱ्या त्या शेतकऱ्याने रात्री जी भाकरी खाल्ली, तिच्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळीच होती. आतड्यात ती सुटी झाली, यकृताने त्यातला काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने बाजूला ठेवला आणि पहाटे पोट रिकामे असताना तोच थोडा थोडा रक्तात सोडला. त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच होते की ती साखर त्यांच्या यकृताने त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

हे ग्लुकोज आम्ही मोजतो कसे, तेही सांगते, कारण ते दृश्य मला अजूनही आवडते. एक मिलिलिटर रसायनात दहा मायक्रोलिटर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग, टाकायचा आणि ट्यूब ३७ अंशांवर ठेवायची. पाहता पाहता आतले पाणी गुलाबी होऊ लागते आणि साखर जितकी जास्त तितका रंग गडद होतो. त्या रसायनात दोन विकरे असतात. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि स्वतः मात्र न संपणारे प्रथिन. पहिले विकर बहुधा एका काळ्या बुरशीपासून मिळवलेले असते आणि ग्लुकोजचा रेणू नेमका ओळखून त्याच्याशीच क्रिया करते, तर दुसरे एका मुळ्यासारख्या तिखट कंदापासून काढलेले असते आणि रंग आणते. बुरशी, कंद आणि माणूस यांची रसायने एका ट्यूबमध्ये एकमेकांना इतकी बिनचूक ओळखतात, याचा अर्थ सगळ्या सजीवांची रसायनभाषा मुळात एकच आहे. मला हा पुरावा कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठा वाटतो.

या भाषेचा धडा मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चुकीतून मिळाला. मे महिना होता आणि मी घरोघरी जाऊन नमुने गोळा करत होते. साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची ट्यूब वापरायची असते, पण त्या दिवशी माझ्याजवळच्या संपल्या होत्या, म्हणून एका आजोबांचे रक्त मी लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये घेतले. उरलेली घरे करून, नागपूरच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तो नमुना घेऊन, मी तीन-साडेतीन तासांनी प्रयोगशाळेत पोहोचले. आकडा आला ६८. घरच्यांनी घाबरून त्यांना ग्लुकोजचे पाणी पाजले. त्यांच्या डॉक्टरांना शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी नमुना पुन्हा घेतला, तेव्हा आकडा ९२ निघाला. मधल्या वेळात त्या ट्यूबमधले ग्लुकोज तिच्यातल्या पेशींनीच खाल्ले होते. शरीरातून बाहेर काढलेले रक्त मेलेले नसते. त्यातल्या पेशी तासाला साधारण पाच ते सात टक्के ग्लुकोज संपवत असतात आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. फ्लोराइड या क्रियेतल्या एका विकराला थांबवते, म्हणून ती वेगळी ट्यूब असते. त्या दिवसापासून ट्यूब हातात घेताना आपण एक जिवंत वस्तू उचलतो आहोत, हे मी कधी विसरले नाही.

कोलेस्टेरॉलची बदनामी तर साखरेहूनही मोठी आहे. पित्ताशयातल्या खड्यांमध्ये हा पदार्थ प्रथम सापडला, म्हणून पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याला हे नाव मिळाले. पण त्याचे खरे ठिकाण आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात आहे. तो पडदा मेदाच्या दोन थरांचा असतो आणि त्या थरांमध्ये कोलेस्टेरॉलचे रेणू बसलेले असल्यामुळे पडदा उष्णतेत फार सैल होत नाही आणि थंडीत फार कडक होत नाही. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा जवळजवळ पाचवा भाग एकट्या मेंदूत आहे आणि मेंदू ते स्वतःच तयार करतो. अन्नातले तूप पचवणारे पित्तक्षार, स्त्री-पुरुषांची संप्रेरके, ताण आल्यावर स्रवणारे कॉर्टिसोल, हे सगळे याच रेणूपासून घडते. त्वचेतल्या त्याच्या एका जवळच्या भावंडावर ऊन पडले की ड जीवनसत्त्व तयार होते. इतके ऊन असलेल्या नागपुरात ड जीवनसत्त्व कमी असल्याचे रिपोर्ट मला रोज टाइप करावे लागतात, कारण ऊन टाळण्यातच आपला बहुतेक दिवस जातो. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणारे कोलेस्टेरॉल हृदयाला धोका करते, यात मुळीच शंका नाही. पण तिथे बिघाड त्याच्या ने-आणीत झालेला असतो. पाण्यात न विरघळणारा हा पदार्थ प्रथिनांच्या गोळ्यांमध्ये भरून रक्तातून वाहून न्यावा लागतो आणि ते गोळे पेशींनी वेळेवर उतरवून घेतले नाहीत की ते नको तिथे अडकतात. गोळे उतरवून घेणारी ही यंत्रणा शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवते, पण दोन मेदाम्ले अशी आहेत की ती आपल्याला बनवता येत नाहीत आणि अन्नातूनच घ्यावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे प्रथम दाखवले की अन्नातला मेद पूर्णपणे काढून टाकला तर प्राणी आजारी पडतो. विदर्भाच्या स्वयंपाकघरात ही दोन्ही मेदाम्ले पूर्वीपासून आहेत. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते, आणि जवसाच्या तेलातला निम्म्याच्या आसपास भाग दुसऱ्या, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे आम्ल हवेशी झटकन क्रिया करते, म्हणूनच जवसाचे तेल लवकर खवट होते आणि म्हणूनच चित्रकारांचे रंग त्यात कालवले की वाळून घट्ट बसतात. माझी आजी जवसाची चटणी एका वेळी चार दिवसांपुरतीच कुटायची आणि जास्त केली की "चव जाते" म्हणायची. ती चव ज्या कारणाने जाते, ते हेच.

युरियाविषयी मात्र थांबून बोलायला हवे, कारण या एका संयुगाने माणसाचा सजीवांविषयीचा विचारच बदलला. सजीवांच्या शरीरातले पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात, त्यासाठी काही वेगळी प्राणशक्ती लागते, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मानत. १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून काचेच्या भांड्यात युरिया तयार केला आणि आपल्या गुरूंना, बर्झेलियस यांना, कळवले की माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचूनही मला युरिया बनवता येतो. जुनी समजूत एका दिवसात गेली नाही, पण भिंतीला पहिली चीर पडली ती तेव्हा. शेतात पोत्यांतून टाकला जातो तो युरिया आणि रिपोर्टवरचा युरिया एकच आहे, अणूंचा एकच रेणू, हे सांगितले की शेतकरी कुटुंबांतली माणसे क्षणभर गप्प होतात.

शरीरात युरिया येतो तो प्रथिनांतून. वरण, भात, दूध, अंडे यांतली प्रथिने म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा असतात. त्यांतली नऊ प्रौढ माणसाला बनवता येत नाहीत. तांदळात लायसिन कमी असते आणि ते तुरीच्या डाळीत भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी असते आणि ते तांदळात त्या मानाने बरे असते. वरणभाताच्या ताटात ही उणीव एकमेकांकडून भरून निघते. माळा सुटल्यावर लागतात तेवढी अमिनो आम्ले शरीर वापरते आणि उरलेल्यांमधले नत्र बाजूला काढते. ते नत्र अमोनियाच्या रूपात रक्तात राहिले तर मेंदूला विषासारखे असते, म्हणून यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. युरिया पाण्यात सहज विरघळतो, फारसा अपाय न करता मूत्रपिंडापर्यंत जातो आणि बाहेर पडतो. रिपोर्टवर वाढलेला युरिया दिसला तर बहुधा मूत्रपिंडाकडे किंवा शरीरातल्या पाण्याकडे पाहावे लागते. ज्या युरियाला आपण घाण म्हणतो, तो यकृताने आपल्याला विषापासून वाचवल्याची खूण असतो.

पाण्याचा उल्लेख झालाच आहे, तर आमच्या उन्हाळ्याविषयी लिहायलाच हवे. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा बाहेरची हवा शरीरापेक्षा गरम असते आणि शरीराला उष्णता टाकायला घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि त्यांना सोडवायला इतकी ऊर्जा लागते, म्हणूनच हे शक्य होते. पण घामासोबत सोडियमही जाते. रक्तात ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल इतकेच असावे लागते आणि मज्जातंतूंतून जाणारा प्रत्येक संदेश त्याच्या ये-जा करण्यावर चालतो. मे महिन्यात दरवर्षी काही वयस्क माणसे गोंधळलेल्या अवस्थेत आणली जातात आणि त्यांचे सोडियम १२० च्या खाली निघते. मीठ वाईट म्हणून ते जवळजवळ सोडून दिलेले आणि उन्हाळा म्हणून नुसते पाणी पीत राहिलेले, असे त्यांतले काही असतात.

मीठ आणि साखर एकत्र देण्यामागचे रसायन मला सगळ्यांत सुंदर वाटते. आतड्यातल्या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते, जे ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन यांना एकत्रच आत घेते. एकटे आले तर दार नीट उघडत नाही, आणि दोघे आत गेले की पाणी त्यांच्या मागे जाते. हैजा झालेल्या आतड्यातही हे दार शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत हैजा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून ते पिण्यास द्यायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आला. आज ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. आपले कैरीचे पन्हे मीठ आणि गूळ घालूनच करतात. जुलाबांत ते पुडीची जागा घेऊ शकत नाही, पण उन्हातून आलेल्या माणसाला ते का बरे वाटते, हे त्या दाराकडे पाहिले की कळते.

काही आवश्यक संयुगे आमच्या रोजच्या रिपोर्टवर येतच नाहीत. संत्र्यातले क जीवनसत्त्व त्यांतलेच एक. बहुतेक प्राणी ते ग्लुकोजपासून स्वतः बनवतात, पण माणसातले त्यासाठीचे विकर फार पूर्वीच निकामी झाले, म्हणून आपल्याला फळांकडे जावे लागते. हाडे, कातडी आणि रक्तवाहिन्या बांधून ठेवणारे कोलॅजन तीन पेडांच्या दोरीसारखे असते. ती रचना गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात मद्रासमध्ये मांडली. ते पेड घट्ट बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते आणि ते मिळाले नाही की हिरड्यांतून रक्त येऊ लागते. आमच्या कामाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही आणि क जीवनसत्त्व सोबत असले की ते शोषले जाण्याजोग्या रूपात येते. "रक्त कमी आहे" असे रिपोर्ट घेऊन जाणाऱ्या मुलींना मी भाजीवर लिंबू पिळायला आणि जेवणाबरोबर चहा न घ्यायला सांगते, ते त्यासाठी.

आणि आता ज्या संयुगासाठी मी हे सगळे लिहायला बसले, त्या हिमोग्लोबिनकडे येते. निरोगी माणसाच्या रक्तात ते एकूण सुमारे ७०० ग्रॅम भरते. एका तांबड्या पेशीत त्याचे जवळजवळ २७ कोटी रेणू असतात, आणि प्रत्येक रेणूत चार प्रथिनांच्या माळा व प्रत्येक माळेत लोहाचा एक अणू धरून ठेवलेले हीम नावाचे एक चपटे कडे असते. हिरव्या पानातल्या हरितद्रव्यात याच घडणीचे कडे असते आणि त्यात लोहाच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. हिमोग्लोबिन नसते तर तेवढ्याच रक्ताला आतापेक्षा साठ-सत्तर पट कमी प्राणवायू वाहून नेता आला असता. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की लोह परत वापरले जाते, आणि कडे फुटून आधी हिरवट आणि मग पिवळे द्रव्य तयार होते, ज्याला रिपोर्टवर बिलिरुबिन म्हणतात. गुडघ्यावरचा मार आधी काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होत जातो, तेव्हा हीच क्रिया आपण कातडीखाली घडताना पाहत असतो.

विदर्भात या संयुगाची ओळख बऱ्याच घरांना फार कठीण रीतीने झालेली आहे. सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा आणि तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार देणारा विकार, हा शब्द इथल्या खेड्यांत सांगून समजावावा लागत नाही. भारतात हा विकार १९५२ मध्ये प्रथम नोंदला गेला आणि १९५८ मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. आमच्याकडे त्याची पहिली चाचणी अगदी साधी आहे. एका ट्यूबमध्ये दोन मिलिलिटर द्रावण घेतात, जे पेशी फोडते आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेते. त्यात वीस मायक्रोलिटर रक्त टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि ट्यूब काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. नेहमीचे हिमोग्लोबिन विरघळून राहते आणि रेघा स्वच्छ दिसतात. सिकलचे हिमोग्लोबिन विरघळत नाही, ट्यूब ढगाळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. एवढ्या वर्षांनंतरही ती पाच मिनिटे संपत आली की माझा हात जड होतो, कारण त्या ट्यूबवर बहुतेक वेळा एखाद्या लहान मुलाचे नाव असते.

रेघा दिसेनाशा होण्याचे कारण एका मण्याएवढे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत १४६ अमिनो आम्ले असतात आणि त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले की सिकलचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, म्हणून हा रेणूचाच आजार आहे. पुढे १९५० च्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी तो एक मणी शोधून काढला. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाणी मानवते, तर व्हॅलिन तेलकट स्वभावाचे असते. प्राणवायू सोडलेल्या स्थितीत ते शेजारच्या रेणूतल्या एका खोबणीत जाऊन बसते, त्याच्या शेजारी तिसरा, मग चौथा, अशा काड्या तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी ताठ होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि जी वेदना सुरू होते, ती सहन करणाऱ्या मुलांना मी पाहिले आहे. आईवडील दोघांकडून हा बदल आला तर एसएस पॅटर्न, एकाकडूनच आला तर एएस पॅटर्न, म्हणजे वाहक. विद्युतक्षेत्रातल्या पट्टीवर दिसणाऱ्या रेषांवरून ही नावे पडली आणि आता ती सोयरिकीच्या बोलण्यातही येतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवण्याआधी ट्यूबभर रक्त तपासून घ्या, असे मी प्रत्येकाला अगदी मनापासून सांगते.

एसएस पॅटर्नच्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगतात. म्हणून या रुग्णांची "तीन महिन्यांची साखर" भरवशाची नसते, कारण ती चाचणी हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजवर चालते आणि इथे हिमोग्लोबिनला तेवढे आयुष्यच मिळत नाही. पेशीतले पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाटते आणि काड्या होण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून नागपूरचा उन्हाळा या मुलांना सगळ्यांत कठीण जातो. आणि त्यांच्यातल्या अनेकांना ज्या औषधाचा आधार आहे, ते हायड्रॉक्सियुरिया हे व्होलरच्या त्याच युरियाच्या रेणूला एक प्राणवायूचा अणू जोडून होणारे संयुग आहे. ते प्रथम १८६९ मध्ये जर्मनीत तयार झाले आणि सिकलसेलसाठी त्याचा उपयोग सिद्ध व्हायला १९९५ साल उजाडावे लागले. आईच्या पोटात असताना बाळाचे जे वेगळे हिमोग्लोबिन असते, ते या औषधाने पुन्हा वाढते आणि त्या हिमोग्लोबिनच्या माळेत तो तेलकट मणी नसतो.

या मे महिन्यात बारावी सायन्सला असलेली एक मुलगी तिच्या नेहमीच्या तपासणीला आली होती. तिचा एसएस पॅटर्न आहे आणि ती लहान होती तेव्हापासून मी तिचे रक्त घेते. तिने दोन लिटरची पाण्याची बाटली काउंटरवर ठेवली आणि विचारले, "ताई, हे व्हॅलिन मुळातच वाईट असतं का हो?" गर्दी ओसरली होती, म्हणून मी रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे बीटा माळेचे पहिले आठ मणी काढले आणि खाली नावे लिहिली: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. सहाव्या मण्यावर बोट ठेवून तिथे काय बदलते ते सांगू लागले, तेवढ्यात तिने माझे बोट बाजूला सारले आणि पहिल्या मण्याकडे बघत म्हणाली, "पण पहिला तर व्हॅलिनचाच आहे. हा सगळ्यांचाच असतो?"

सगळ्यांचाच असतो, मी सांगितले, आणि माझ्या, तुझ्या भावाच्या, तपासायला येणाऱ्या प्रत्येकाच्या या एका माळेत मिळून अठरा व्हॅलिन असतात. ते डाळीतून आणि दुधातून येतात आणि मिळाले नाहीत तर माळच होत नाही. तुझ्या माळेत एकोणीस आहेत. तिने पाकीट उचलून उजेडात धरले, बाटलीतले पाणी प्यायली आणि उरलेले एकशे अडतीस मणी कुठे बघायला मिळतील, असे विचारले.